रुळाकाठची मान

माघातल्या एका सोमवारी सकाळी माझी बायको काहीतरी बोलायला लागली, तेवढ्यात मेल आली, मेल गेली, आणि बायकोनं वाक्य पुरं केलं नाही. एवढंच झालं. ज्यांची घरं रुळाकाठी नाहीत त्यांना यात काय झालं ते कळायचं नाही, म्हणून सांगतो. नाशिकरोडला आमची चाळ रुळांपासून वीस पावलांवर आहे. गाडी आली की मांडणीवरची भांडी वाजतात, कपातल्या चहावर वर्तुळं उमटतात आणि माणसं बोलता बोलता थांबतात. तोंड उघडं असेल तर ते उघडंच राहतं. गाडी गेली की वाक्य जिथं तुटलं तिथून पुढं सुरू होतं, मधे काही झालंच नाही अशा थाटात. भांडणांनाही हाच नियम. शेजारच्या चिमाजीनं एकदा भावावर हात उगारला आणि मधेच मालगाडी आली. बेचाळीस डबे जाईपर्यंत तो हात तसाच वर, आणि शेवटचा डबा गेल्यावर त्याच हातानं चिमाजीनं डोकं खाजवलं. पण सगळ्यांना एवढा धीर नसतो. काही जण गाडीतही, म्हणजे ती धडधडत जात असतानाही, बोलत राहतात. अशा वेळी ऐकणाऱ्यानं मान हलवायची. समोरच्याचे ओठ हलताहेत, आपण मान हलवतोय, काम झालं. ‘काय म्हणालात?’ असं आमच्याकडं कुणी विचारत नाही. तसं विचारायला लागलं तर दिवसात गाड्या किती आणि आयुष्य किती! पाहुणे आले की ओळखू येतात: गाडी गेल्यावर विचारतात ते पाहुणे. चाळीतल्या माणसाची मान कमावलेली असते. मी तर बाहेरगावी गेलो, कुठं पिठाची गिरणी धडधडायला लागली, तरी माझी मान आपोआप हलते.

तर त्या सोमवारी कला चुलीपुढं होती. म्हणाली, “मी म्हणते, शिमगा आता जवळ आला, तर—” आणि मेल आली. तिचे ओठ हलत होते. मी चहावरची वर्तुळं बघत मान हलवली. मेल गेली. मी उरलेल्या वाक्याची वाट बघत बसलो. कलानं तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्यावर टाकली, फुगली तशी टोपल्यात ठेवली. मी अजून वाट बघतोय हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण माझ्याकडं न बघता ती म्हणाली, “झालं बोलून. तुम्ही मान हलवलीत की.” मी चहा प्यालो. चहा निवला होता.

त्या दिवशी छापखान्यात मन लागलं नाही. माझं काम सरकारी छापखान्यात पोस्टाच्या तिकिटांचे ताव तपासण्याचं. बी.ए. झालेल्या माणसाला हे काम का दिलं ते मला आजवर उमगलेलं नाही. माझे विषय लॉजिक आणि मॉरल फिलॉसफी होते, पण राजाच्या नाकावर शाईचा ठिपका पडलाय की नाही हे ओळखायला मॉरल फिलॉसफी लागत नाही. एकेका तावावर शेकडो राजे. सगळ्यांची मिशी एक, मुगुट एक, बघणं एकाच दिशेला. त्याच सुमारास खुद्द राजेसाहेब विलायतेत वारले. आम्हाला एक दिवस सुट्टी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्यांचीच नाकं तपासायला बसलो. शेकडो चेहऱ्यांत एकाची मिशी केसभर पुसट असली तरी माझी नजर तिथं ठेच लागल्यासारखी अडते. साहेब म्हणतो, मोतीराम, तुझे डोळे गहाण ठेवले तरी कर्ज मिळेल. त्या सोमवारी मात्र माझ्यापुढून राजे नुसतेच चालले होते आणि मी प्रत्येकाला मान हलवत होतो. आपण कशाला हो म्हटलं? आजवर कशाकशाला म्हटलं? एकदा कामावरून आलो तर दारात शेळी. ही कुणाची, तर आपली. कधी ठरलं, तर परवा मेलच्या वेळी. शिवणाचं यंत्र असंच आलं. ते दोन मालगाड्यांत मिळून विचारलं होतं म्हणे. माझ्या आतेभावाच्या लग्नाला आपण जायचं नाही असं मी पॅसेंजरमध्ये कबूल केलं होतं, आणि पुढं तीन वर्षं आतेभावाचा राग मी मुकाट्यानं सोसला, कारण असं कबूल केलंच नव्हतं हे सिद्ध कसं करणार? अठरा वर्षांचा संसार. तो मी चालवतो अशी माझी समजूत होती, तो जी.आय.पी. रेल्वे चालवत होती.

पण खरं सांगायचं तर त्या सोमवारी कला काय म्हणाली असेल ते मला ठाऊक होतं. ठाऊक नाही असं मी ठरवलं. तीनच दिवसांपूर्वी मनमाडहून धोंडीरामचं कार्ड आलं होतं. धोंडीराम माझा साडू, तिथं इंजिनशेडमध्ये फिटर. कलाची धाकटी बहीण चार वर्षांमागं तापानं गेली, मागं एक मुलगी, नवसा, आता नऊ वर्षांची. शिमगा झाला की धोंडीराम दुसरं लग्न करणार होता आणि नव्या सासुरवाडीची अट होती की आधीची पोर घरात नको. म्हणून नवसाला सटाण्याकडं, त्याच्या म्हाताऱ्या आत्याकडं धाडायचं. तिथं चार गुरं आहेत, पोरीला काम राहील, असं त्यानं लिहिलं होतं. कलाला वाचता येत नाही. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. कार्डात शेवटी एक ओळ होती: ‘ताईच्या मनात पोरीविषयी काही निराळं असेल तर शिमग्याआधी कळवावं.’ ती ओळ मी वाचली नाही. त्या वेळी कुठली गाडी आली होती म्हणावं तर तेही नाही. सगळं शांत होतं. मी कार्ड खिशात ठेवलं आणि “बाकी खुशाली” म्हणालो.

मूल आम्हाला नाही. हा विषय आम्ही गाडी नसतानाही गाडी असल्यासारखा जाऊ देत आलो. नवसा दोन वर्षांपूर्वी आठ दिवस आमच्याकडं येऊन राहिली होती. आठ दिवस त्या पोरीनं एकही गाडी सुखानं जाऊ दिली नाही. लांबून शिट्टी ऐकली की जेवत्या ताटावरून उठून ओट्यावर, आणि डबे मोजायचे ते चाळीला ऐकू जाईल असे. इंजिनं ओळखायची. “हे आमच्या बानं दुरुस्त केलेलं हाय!” असं गार्डाला ओरडून सांगायची आणि गार्डही निर्लज्जासारखा हिरवं निशाण हलवायचा. चौथ्या का पाचव्या दिवशी, गाडी जात असताना, मी म्हणालो, “एवढं ओरडू नकोस.” गाडीत म्हणालो, म्हणजे आमच्या रिवाजाप्रमाणं ते विरून जायचं. पण गाडी गेल्यावर ती पोर धावत माझ्यापाशी आली, दोन्ही हात माझ्या गुडघ्यावर ठेवले आणि म्हणाली, “काय म्हणालात, काका?” मी म्हणालो, काही नाही. “नाय, म्हणालात. मी बघितलं. काय म्हणालात?” अशा प्रश्नाची माणसाला सवय नसली की तो अंगावर येतो. मी वर्तमानपत्र उघडलं. आठ दिवसांनी धोंडीराम तिला न्यायला आला तेव्हा कलानं माझ्याकडं एकदा बघितलं होतं. मी म्हणालो, घर लहान आहे, आवाज फार होतो. हे मात्र गाडी नसताना म्हणालो आणि सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

आवाजाशी माझं जुनं वैर. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा; मोटेचं चाक पहाटेपासून करकरायचं, बाप बैलांवर ओरडायचा, आई बापावर, थोरले सावळीरामदादा माझ्यावर. घरात अकरा माणसं आणि सगळी एकदम बोलायची. ऐकायला माणूसच शिल्लक नसे. तिथून मी पुण्याला कॉलेजात गेलो आणि एकदा एका प्रोफेसरांच्या घरी चहाला गेलो. त्या घरात फक्त घड्याळ वाजत होतं. बाई आल्या, बशा ठेवल्या, गेल्या. पावलांचाही आवाज नाही. मी मळ्यातला पोर, झेंडूचा वास अंगातून न गेलेला, तिथं खुर्चीच्या कडेला बसून एक सिद्धांत मांडला: शिकलेल्या माणसाचं घर शांत असतं. एका उदाहरणावरून नियम काढण्याला लॉजिकमध्ये काय म्हणतात ते मी परीक्षेत बरोबर लिहिलं होतं, घरी येऊन नेमकं तेच केलं. कला मखमलाबादचीच, माळ्याचीच मुलगी. ती हसायची ते शेजारच्या बांधावर ऐकू जायचं. मी तिला हळूहळू सुधारलं. ‘हाय’ नाही, आहे. ‘लय’ नाही, फार. एवढ्या मोठ्यानं नाही. ती सुधारली. इतकी सुधारली की नंतर नंतर गाडी असल्याशिवाय फारसं बोलेनाशी झाली.

मी जागा बदलायचं ठरवलं. शहरात, रेल्वेपासून सहा मैल दूर, मोटारींच्या रस्त्यापासून आत, जिथं माणसाचं वाक्य पुरं होईल. असं मी कलाला सांगितलं. स्वतःला सांगितलं ते जरा वेगळं होतं: लहानशी जागा, एक खोली आणि स्वयंपाकघर, जिथं तिसऱ्या माणसाचा प्रश्नच निघणार नाही. छापखान्यात सगळे हसले. लोक नोकरीजवळ जागा शोधतात, आणि हा रोज सहा मैल सायकल मारणार, शहरापर्यंतची ट्रामही केव्हाच बंद पडलेली. कला हसली नाही, अडली नाही. “बघू या,” म्हणाली. “मीही येते बघायला.” मला तिचा हा होकार खटकला. जिचं सगळं राज्य गाड्यांवर चालत होतं ती रेल्वे सोडायला इतक्या सहज तयार व्हावी? तीन दिवस मी तिच्या ओठांकडं बघत होतो. गाड्या येत होत्या, जात होत्या, आणि ती गाडीत एक शब्द बोलत नव्हती.

बद्रुद्दीनचा टांगा ठरवला. हा आमचा जुना टांगेवाला. नाशकातली कुठली जागा रिकामी आणि ती का रिकामी हे त्याला घरमालकाआधी कळतं. त्याला माझी अट सांगितली तेव्हा त्यानं घोडीच्या कानात काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं आणि म्हणाला, “साहेब, आवाज नको तर एकच मोहल्ला हाय. कबरस्तान. पण तिथंबी शेजारी लय दाट.” कला पदर तोंडाला लावून हसली. मी म्हणालो, आधी आग्रा रोडजवळ काय आहे ते दाखव. ते त्यानं दाखवलं. वरचा मजला, हवेशीर, आणि खिडकीखाली मालेगाव-धुळ्याच्या मोटारींचा अड्डा. मालक म्हणाला, मोटारी फक्त दिवसा असतात. मी विचारलं, दिवस किती वाजता सुरू होतो? तो म्हणाला, चारला. पंचवटीत एक पाहिली. तिथं पाची बाजूंनी देवळं आणि प्रत्येक देवाला जागं करायची वेळ निराळी. माझी तपासायची पद्धत ठरलेली होती. खोलीच्या मधोमध उभं राहायचं, घड्याळ हातात धरायचं, डोळे मिटायचे आणि पाच मिनिटं ऐकायचं. तावावरचा ठिपका शोधावा तसा आवाज शोधायचा. घरमालक घाबरत. एकानं माझ्यासाठी पाणी आणलं. त्या पाच मिनिटांत कला काय करते हे मी बघत नव्हतो, पण मिटल्या डोळ्यांमागं तिची पावलं ऐकू यायची. ती खिडकीशी जायची, गज हलवून बघायची. मागल्या विहिरीला कठडा आहे का बघायची. खाली जाऊन बायकांशी बोलायची. एका जागी मालकाला विचारलं, “या गजांतून कुणी खाली पडायचं नाही ना?” मालक म्हणाला, “बाई, तुमचे साहेब बरे अंगानं आहेत.” आणि प्रत्येक ठिकाणी शेवटचा प्रश्न एकच: “मुलींची शाळा इथनं किती लांब?” मी डोळे मिटलेलेच ठेवायचो. पाच मिनिटं होऊन गेली तरी.

तिसरी जागा तांबट आळीत. बद्रुद्दीन म्हणाला, “साहेब, या गल्लीत मोटर घुसतच नाही. गाडीचा तर संबंधच नाय.” खरं होतं ते. गल्ली इतकी अरुंद की टांगा तोंडाशीच सोडावा लागला. फक्त दोन्ही हातांना तांबट बसले होते आणि हंडे, घागरी, बंब ठोकत होते. एकेका घागरीवर हातोडी पडायची ती कपाळात पडल्यासारखी. घरमालकीण फुलाबाई, नवऱ्यामागं दुकान चालवणारी, जिन्यावरूनच ओरडली, “या, या! जागा शांत पाहिजे ना? अगदी शांत आहे!” मी म्हणालो, “हा आवाज?” ती कानाला हात लावून म्हणाली, “कसला आवाज?” आणि खरोखरच प्रामाणिक चेहऱ्यानं माझ्याकडं बघत राहिली. मी घड्याळ बाहेर काढलंच नाही. पण खोल्या दोन होत्या आणि वर एक माळा, त्याला छोटी खिडकी. कला माळ्यावर चढली आणि बराच वेळ उतरली नाही. मी खाली फुलाबाईचं बोलणं ऐकत होतो, म्हणजे मान हलवत होतो. फुलाबाई मधेच थांबली. म्हणाली, “मी तुम्हाला पायरी मोडकी आहे म्हणून सांगतेय आणि तुम्ही हो हो काय करताय?” वरून कलाचं हसू आलं. ठोकाठोकीतून, वरच्या खिडकीतून. ते हसू मी ओळखलं. ते मखमलाबादच्या बांधावरचं होतं. मी म्हणालो, चला, ही नको. उतरताना त्या मोडक्या पायरीवर माझा पाय मुरगळला. टांग्यात बसल्यावर कला एवढंच म्हणाली, “शाळा कोपऱ्यावरच आहे.” आणि नेमकी त्या वेळी समोरून कुठलीही मोटार आली नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस वाईट गेले. घरात शिवणाचं यंत्र चालायचं. एका संध्याकाळी त्याच्यावर एक परकर अर्धा शिवून ठेवलेला दिसला. निळा, काठाला पिवळी पट्टी. माझी नजर जिथं अडायची तिथं अडली: घेर बरोबर, पट्टी सरळ, उंची फार आखूड. एवढा आखूड परकर या घरात कुणाला? शेकडो राजांतला एक बिघडला तर मी लाल पेन्सिलनं खूण करतो. इथं मी कंदिलाची वात कमी केली. शिमगा दहा दिवसांवर आला होता. छापखान्यातून येताना मी मनमाडकडं जाणाऱ्या गाड्या बघत थांबायचो, आणि गाडी जात असताना मान हलते आहे हे ध्यानात आलं की हातानं हनुवटी धरायचो. मान सैल सुटली आहे, आपल्याला न विचारता हो म्हणते, अशी एक किळस यायची. मग वाटायचं, मानेला असं हो म्हणायला लावलं कुणी? मी ‘नाही’ म्हणू शकत होतो. कार्ड आलं त्या दिवशी, भरपूर शांततेत. ते न म्हणता मी एक ओळ खिशात घातली.

आणि मग ती जागा मिळाली. गंगापूरच्या रस्त्याला, शेवटच्या घरापुढंही अर्धा मैल, पेरूच्या बागांच्या मधे एका निवृत्त मामलेदारांनी नवं घर बांधलं होतं. खालच्या मजल्यावर ते स्वतः, पण सहा महिने काशीला गेलेले, किल्ली बागेतल्या माळ्याकडं. वरचा मजला भाड्यानं. एक खोली, एक स्वयंपाकघर. चुन्याचा वास अजून ताजा होता. बद्रुद्दीन घोडी सोडून खाली लिंबाच्या सावलीत बसला. मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो, घड्याळ काढलं, डोळे मिटले. एक मिनिट. दोन मिनिटं. काही नाही. मोट नाही, मोटार नाही, घंटा नाही, हातोडी नाही. तिसऱ्या मिनिटाला घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली, चौथ्याला माझ्याच कानातला एक बारीक सूं असा आवाज, जो बहुधा अठरा वर्षं तिथं असावा आणि गाड्यांमुळं मला कळला नसावा. प्रोफेसरांच्या घरात होती तीच शांतता, तसूभर कमी नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी आनंदाची वाट बघत पाचवं मिनिटही काढलं. कलाची पावलं ऐकू येत नव्हती. ती खिडकीशी गेली नाही, गज हलवले नाहीत. डोळे उघडले तर ती दाराशीच उभी होती, चपलाही न काढता.

“पसंत आहे?” तिनं विचारलं. रिकाम्या खोलीत तिचा शब्द भिंतींवर आपटून पुन्हा आला.

“शांत आहे,” मी म्हणालो.

“मग इथंच बोलते.” तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढला. “त्या सोमवारी मेलच्या वेळी मी काय बोलले, ठाऊक आहे?”

मी घड्याळाचं झाकण मिटलं.

“काहीच बोलले नव्हते. नुसते ओठ हलवले. बघायचं होतं, तुम्ही मान हलवता का.”

खाली घोडीनं नाक फुरफुरवलं, तेही स्वच्छ ऐकू आलं.

“आणि कार्ड मी चिमाजीभाऊंकडून वाचून घेतलं. तुमच्या सदऱ्याच्या खिशात होतं, धुवायला टाकताना. शेवटची ओळ दोनदा वाचायला लावली त्यांना.” ती आता थांबत नव्हती. “शेळी गाडीत विचारली, यंत्र गाडीत विचारलं, ते चाललं. हे गाडीत विचारायचं नाय मला. पोर हाय ती. उद्या तुम्ही म्हणाल, मी कधी हो म्हटलं? तिच्या तोंडावर म्हणाल. तुम्हाला शांत जागा पाहिजे होती, मलाही पाहिजे होती. म्हणून हिंडले तुमच्यासंगं. आता विचारते. नवसाला आणू का?”

‘हाय’ म्हणाली ती, ‘नाय’ म्हणाली, आणि मी सुधारलं नाही. सुधारावं असं मनात आलं नाही असं म्हणणार नाही. अठरा वर्षांची सवय, जिभेच्या टोकाशी येऊन गेली. त्या खोलीत लपायला काही नव्हतं. रिकाम्या खोलीत माणूस हात कुठं ठेवतो? मी घड्याळ खिशात घातलं, पुन्हा काढलं. नकाराची सगळी कारणं मी तयार ठेवली होती, लॉजिकच्या पायऱ्यांसारखी: घर लहान, पगार बेताचा, माझे डोळे, माझी झोप, आवाज. एकेक कारण मनात म्हणून बघितलं, आणि त्या शांततेत प्रत्येकाच्या मिशीवर ठिपका दिसला. मनमाडच्या फलाटावर एक पोर गाडीचे डबे मोजते आहे असं उगाच दिसलं. सटाण्याकडं कुठली आली गाडी? तिथं ती काय मोजेल, गुरं? चार गुरं मोजायला कितीसा वेळ लागतो? माझी मान हलली.

“मान नको,” कला म्हणाली. “तोंडानं सांगा. हो तर हो, नाही तर नाही.”

मी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात, पूर्वेकडून, शहराच्या पलीकडून, सहा मैलांच्या वाऱ्यावर, एक शिट्टी आली. ती शिट्टी होती की माझ्या कानातला सूं, हे मी आजही सांगू शकणार नाही. पण कलानंही ऐकली असावी, कारण आम्ही दोघं थांबलो. मी उघड्या तोंडानं, ती पदराचं टोक मुठीत धरून. नव्या कोऱ्या भिंतींमधे, सगळ्या जगात कुठंही गाडी नसताना, आम्ही गाडी जाईपर्यंत उभे राहिलो. मग ती गेली. आता वाक्य जिथं तुटलं होतं तिथून सुरू करायचं, एवढंच उरलं होतं, आणि ते वाक्य माझं होतं.

मी खिडकीशी गेलो. खाली बद्रुद्दीन विडी ओढत होता. माझं डोकं बघून तो उठला. “काय साहेब? आता तरी पसंत? इथं तर चिमणीबी इजाजत घेऊन बोलते!”

“नाही चालायची,” मी वरून ओरडलो. माझा आवाज पेरूच्या बागेत लांबवर गेला. एवढ्या मोठ्यानं मी मखमलाबाद सोडल्यापासून बोललो नव्हतो.

“या अल्ला! आता काय खोट निघाली?”

“शाळा लांब पडते.”

“कुणाला, तुम्हाला?”

“पोरीला!” मी म्हणालो. “आमच्या पोरीला लांब पडते. तांबट आळीतली जागा अजून आहे का बघ. फुलाबाईला म्हणावं, पायरी दुरुस्त करून दे. पोर धावत उतरणारी आहे.”

बद्रुद्दीननं विडी टाकली. एकदा माझ्याकडं, एकदा घोडीकडं बघितलं. “घे बाई,” घोडीला म्हणाला, “इतके दिवस शांतता शोधत हिंडवलं साहेबांनी, आणि घेतली ती ठोकाठोकीची गल्ली.” मी मागं वळलो तेव्हा कला दारात नव्हती. ती जिना उतरत होती, भराभर, एका हातानं निऱ्या सावरत, चपला वाजवत.

परतताना टांग्यात ती बोलत होती. धोंडीरामला आजच कार्ड टाकायचं, तुम्ही लिहा, मी सांगते तसंच लिहा, शेवटची ओळबी मी सांगेन तीच. माळ्याच्या खिडकीला जाळी बसवायची. पोरीला रात्री पाय दुखतात, तेल लागेल. परकराची उंची दोन बोटं वाढवायची, दोन वर्षांत वाढली असेल. हे सगळं मखमलाबादच्या बोलीत, मोठ्यानं, घोडीच्या टापांवरून. मी ऐकत होतो. आग्रा रोडला लागलो आणि समोरून धुळ्याची मोटार आली. माणसांनी लगडलेली, टपावर कांद्याची पोती, आणि आवाज असा की घोडी बुजली. कला बोलतच होती. तिचे ओठ हलत होते, हात हलत होते, एक बोट माझ्याकडं रोखलेलं. माझी मान हलायला लागली. मी ती धरली. हातानं नाही, आतूनच धरली, आणि मोटार जाईपर्यंत, धूळ खाली बसेपर्यंत तशीच धरून ठेवली.

मग मी तिच्याकडं वळलो आणि पाहुण्यासारखं विचारलं, “काय म्हणालीस?”